तिरप्या उन्हातली अक्षरं

काळ्या पाषाणात कोरलेलं अक्षर जागचं हलत नाही, पण ते वाचता येतं दिवसातून अर्धा-पाऊण तासच. ऊन डोक्यावर आलं की खाच आणि तिच्या भोवतीचा दगड सारखेच उजळतात आणि ओळ नाहीशी होते. सूर्य खाली उतरला आणि उजेड दगडाच्या अंगाला घासून जाऊ लागला की खाचेची एक कड चमकते, दुसरी सावलीत जाते, आणि दुपारी निव्वळ खडबडीत वाटलेल्या शिळेवर कुणाच्या तरी आईचं नाव उभं राहतं. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या जुन्या कबरस्तानांत कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंचा दिवस या अर्ध्या-पाऊण तासाभोवती बांधलेला असतो. बाकीचा वेळ त्यांचा तयारीत जातो, किंवा वाट पाहण्यात.

त्या घडल्या गावातल्या स्टुडिओत. पासपोर्टचे फोटो, लग्नं, शाळेतल्या वर्गांचे फोटो, आणि मागच्या खोलीत लाल दिव्याखाली प्रिंट. तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळायची. तो कारखाना आता बंद आहे. आता त्यांच्या कॅमेऱ्यात इंग्लंडात बनलेली इलफर्ड एफपी-४ असते, आणि कॅमेरा मात्र तोच, लग्नांच्या दिवसांतला याशिका मॅट. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून काचेत पाहायचा. एका १२० रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरच्या १२ चौकटी. बारा चौकटींत पंचवीस दगड बसत नाहीत, त्यामुळे कुठल्या दगडाला आज उजेड मिळणार हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं. त्यांच्या वहीत प्रत्येक कबरस्तानाचा हाताने काढलेला नकाशा आहे. त्यावर दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे याचा बाण आणि त्याशेजारी महिन्याचं नाव.

कामाची सुरुवात नवगावला झाली, आणि या समाजाच्या बाबतीत तेच योग्य होतं. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या बाजूला असलेल्या या गावाच्या किनाऱ्याजवळ आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही बेने इस्राएलांची परंपरागत कथा. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला थेट १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात ही हकीकत सविस्तर आहे. गलबत नेमकं कधी फुटलं, लोक कुठून आले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बैल सोडून घाणा बंद ठेवला आणि त्यावरून त्यांना 'शनवार तेली' हे नाव पडलं, हे रायगडात आजही जुनी माणसं सांगतात. आडनावं सगळी गावांची: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आणि किहीमवरून केहीमकर.

नवगावच्या कबरस्तानात आता स्मारकाचा स्तंभ उभा आहे. मात्र तिथल्या सगळ्यात जुन्या कबरींवर अक्षर नाही. अनघड दगड जमिनीतून वर आलेले, काही ओळीत, काही ओळ सोडून. इथे तिरपं ऊन कामाचं नसतं, कारण उजळायला खाच नाही. बाईंनी इथलं काम पावसाळ्याच्या शेवटी, ढगाळ सकाळी केलं. ढगाळ उजेडाला सावली नसते. दगडाचा आकार, जमिनीत तो किती रुतलाय, शेजारच्या दगडापासून किती अंतरावर आहे, एवढंच दिसतं. स्वच्छ दिवशी येऊन लाल फिल्टर लावला असता तर निळं आकाश काळंकुट्ट करता आलं असतं. कृष्णधवल छायाचित्रात ते सोपं असतं आणि लोकांना आवडतंही. त्यांनी ते टाळलं, आणि मला ते फार योग्य वाटतं. ज्या माणसांविषयी आपल्याला नावसुद्धा ठाऊक नाही, त्यांच्या डोक्यावर वादळाचं आभाळ आणून ठेवण्याचा अधिकार छायाचित्रकाराला नाही.

अक्षरं दिसू लागतात ती पुढच्या काळातल्या दगडांवर. त्यामागे मोठी घडामोड आहे. एकोणिसाव्या शतकात या समाजात हिब्रूचं शिक्षण नव्याने रुजलं. कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा त्यात वाटा होता आणि मिशनऱ्यांचाही. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हगादा' १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला, आणि १८७४ सालची पुण्याची सचित्र आवृत्ती तर आज जगभरच्या ग्रंथसंग्रहांत जपलेली आहे. घरातल्या पुस्तकात दोन लिप्या शेजारी बसल्या, तशा त्या दगडावरही आल्या. वर हिब्रू, खाली मराठी; मुंबईत आणि लष्करात नोकरी केलेल्यांच्या दगडावर बऱ्याचदा इंग्रजीही. सुभेदार, जमादार असे हुद्दे दिसतात, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या पलटणींत बेने इस्राएल मोठ्या संख्येने होते. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, 'शार हारहमीम', १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकरही, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल, कंपनीच्या फौजेतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले.

या दोन लिप्यांनी छायाचित्रकाराच्या कामात एक वेगळीच गुंतागुंत आणली आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. याशिकाच्या काचेवर प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसते. म्हणजे चौकट लावताना मराठी ओळ उजवीकडून सुरू होते आणि हिब्रू डावीकडून. पुढे डार्करूममध्ये एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह पालथी बसली तर संपूर्ण दगड आरशात पाहिल्यासारखा छापला जातो. मराठी ओळ असली की ते क्षणात लक्षात येतं. फक्त हिब्रू असलेल्या दगडावर, ती लिपी डोळ्यांना सरावाची नसेल तर, लक्षात येणारही नाही. म्हणून त्या प्रत्येक वेळी फिल्मच्या कडेवर कारखान्यानेच छापलेली अक्षरं सुलट वाचता येतात का हे आधी पाहतात, आणि मगच दिवा लावतात. पुढे हिब्रू मुळाक्षरंही शिकल्या. त्यांचं म्हणणं साधं आहे: ज्या लिपीचा फोटो काढायचा तिचं वरचं टोक आणि खालचं टोक तरी आपल्याला कळलं पाहिजे.

यहुदी कबरींच्या छायाचित्रणाची जगातली परंपरा मोठी आहे, आणि बाईंनी ती निगुतीने पाहिली आहे. प्रागच्या जुन्या यहुदी कबरस्तानात सुमारे १२,००० दगड एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथला सगळ्यात जुना दगड १४३९ सालचा, अविग्दोर कारा या पंडित कवीचा. १७८७ नंतर तिथे कुणाला पुरलं नाही. जागा वाढवता येत नव्हती म्हणून शतकानुशतकं मातीचे थर चढवत कबरींवर कबरी झाल्या आणि खालचे दगड वर आणून शेजारी रोवले गेले. त्यातून ती दाटी झाली. तिथल्या दगडांवर चिन्हं खूप आहेत: कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातल्या माणसाच्या कबरीवर आशीर्वादाला उचललेले दोन हात, लेवी घराण्यातल्याच्या कबरीवर पाण्याची झारी, आणि १६१३ साली वारलेल्या डेव्हिड गान्स या इतिहासकाराच्या दगडावर, त्याच्या आडनावावरून, हंसासारखा पक्षी.

कोकणात हात आणि झारी शोधत फिरलं तर निराशा होईल. बेने इस्राएलांमध्ये कोहेन आणि लेवी अशी परंपरागत घराणी नव्हतीच. इथला दगड साधा असतो, आणि त्याची सगळी शोभा अक्षरांत असते. कुठे अक्षरांभोवती एक रेघ, कुठे षट्कोनी तारा. काही दगडांवर मराठी ओळ सरळ आणि सफाईदार असते, हिब्रू मात्र जपून, अक्षरागणिक थांबत कोरलेली दिसते. छिन्नी चालवणाऱ्याने समोरच्या कागदावरून न कळणारी लिपी उतरवून घेतली असावी, असं अशा दगडापुढे उभं राहिलं की वाटतं. त्या पाथरवटाची काळजी त्याच्या घावांच्या खोलीत दिसते. माहीत असलेलं अक्षर तो एका दमात कोरतो. अनोळखी अक्षरात घाव उथळ आणि जास्त. हे फोटोत आणायचं असेल तर भिंग एफ-१६ पर्यंत बारीक करून, ट्रायपॉडवर, तिरप्या उजेडातच आणता येतं.

पूर्व युरोपातल्या कामाकडे त्या वेगळ्या भावनेने पाहतात. १९१२ ते १९१४ या काळात एस. आन्स्की यांनी रशियन साम्राज्यातल्या यहुदी खेड्यांमधून लोकजीवनाची सामग्री गोळा केली, तेव्हा सोलोमन युदोविन हा तरुण कॅमेरा घेऊन बरोबर होता. त्याने कबरींचे दगडही टिपले आणि पुढे तेच आकार लाकडी ठशांच्या चित्रांत उतरवले. डेव्हिड गोबरमन यांनी युक्रेन आणि मोल्दोव्हातल्या कोरीव दगडांचे फोटो अनेक दशकं काढले. पोलंडमध्ये मोनिका क्रायेव्स्का यांचं 'चास कामिएनी' हे पुस्तक १९८२ साली आलं, तोवर तिथली कबरस्तानं गवताखाली गेली होती. नाझींच्या काळात तर उपटलेले दगड रस्त्यांच्या फरसबंदीला वापरले गेले होते. त्या छायाचित्रांतले कितीतरी दगड आज जागेवर नाहीत. ज्याचा फोटो निघाला, तो निदान कागदावर वाचता येतो.

कोकणात असा संहार कुणी केला नाही. इथे यहुद्यांना शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाही, हे या समाजातली माणसं स्वतःच अभिमानाने सांगतात. इथले दगड झिजतात ते पावसाने, खाऱ्या वाऱ्याने आणि माणसं निघून गेल्याने. अलिबागच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. आषाढात गवत गुडघ्यापर्यंत येतं, घाणेरी कबरींच्या मधल्या वाटा बुजवते, आणि पिंपळाचं किंवा उंबराचं रोप दगडाच्या सांध्यात धरलं की दहा-पंधरा वर्षांत शिळा उचलून बाजूला करतं. १९४८ साली इस्रायल झालं तेव्हा बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. त्यानंतर बहुतेक जण तिकडे गेले. आज भारतात सगळे यहुदी मिळून चार-पाच हजार, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. गावांमधून मात्र एक-दोन घरं उरली आहेत, कुठे तीही नाहीत. कबरस्तानाची किल्ली शेजारच्या कुणा कोळ्याकडे किंवा आगऱ्याकडे असते आणि तो ती आपुलकीने सांभाळतो. अशाच एका किल्लीवाल्या काकांनी बाईंना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताई, नुसते फोटोच काढणार, की नावं पण लिहून घेणार?" त्यांनी दोन्ही करायचं ठरवलं, आणि कामाची दिशा तिथून पक्की झाली.

काही नियम त्या मोडत नाहीत. ज्या ट्रस्टच्या ताब्यात जागा आहे त्यांची परवानगी घेतल्याशिवाय आत जायचं नाही. शनिवारी आणि समाजाच्या सणांना जायचं नाही. दगडावर खडू फिरवायचा नाही, पीठ चोळायचं नाही, तारेचा ब्रश तर हातात घ्यायचाच नाही. खडूने अक्षर त्या दिवसापुरतं उठून दिसतं, पण कण छिद्रांत बसतात आणि घासाघाशीत झिजलेली कड आणखी झिजते. मऊ कुंचला आणि साधं पाणी, एवढंच. शेवाळ खरवडायचं नाही. उलट शेवाळाचा त्या उपयोग करून घेतात. पाषाणातल्या खाचेत ओल धरून राहते आणि हिरवं शेवाळ तिथेच वाढतं. लाल फिल्टर लावला की हिरवा रंग गडद होतो. करड्या दगडावर शेवाळाने भरलेली अक्षरं शाईने लिहिल्यासारखी उठतात. फिल्टर तीन स्टॉप उजेड खातो, पण दगडाला घाई नसते.

उत्तरेकडे तोंड असलेले दगड सगळ्यात अवघड. हिवाळ्यात, जेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि गवत वाळलेलं असतं, तेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला राहतो आणि त्या बाजूवर थेट ऊन पडतच नाही. मार्चच्या अखेरीपासून सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवू लागतो, आणि मे महिन्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा उत्तरेच्या अंगावरून ऊन घासून जातं. पुढे जूनमध्ये तेच ऊन आणखी चांगल्या कोनात असतं, पण मध्ये पाऊस येतो. म्हणून वहीतल्या नकाशावर उत्तरेच्या बाणाशेजारी 'मे' लिहिलेलं आहे. बाकीच्या महिन्यांत आरसा. कपाटाच्या दाराचा असतो तेवढा मोठा आरसा कुणीतरी उन्हात उभा धरायचा आणि उजेडाची तिरीप दगडावर जवळजवळ आडवी टाकायची. आरसा बोटभर फिरवला तरी एक ओळ दिसते आणि दुसरी जाते. झाडाखालच्या दगडांना तोही पोचत नाही. तिथे संध्याकाळी अंधार पडू लागल्यावर शटर उघडं ठेवून टॉर्चचा उजेड बाजूने फिरवायचा. लांब वेळेला फिल्म मंदावते. मीटरने दहा सेकंद सांगितले तर एफपी-४ ला अठरा द्यावे लागतात.

काळ्या दगडाच्या बाबतीत मीटर नेहमीच चुकीचं सांगतो, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरूनच मीटर चालतो. बेसाल्ट दाखवला तर तो जास्त उजेड द्यायला सांगतो आणि दगड राखेसारखा येतो. संगमरवर दाखवला तर कमी उजेड सांगतो आणि पांढरा दगड मळकट होतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमाराला बसवलेली झोन पद्धत नेमकी यासाठीच आहे: कुठली सावली किती काळी हवी हे आधी ठरवायचं आणि त्यावरून उजेड मोजायचा. बाई खाचेतली सावली मोजतात. खाचेच्या तळाचा खडबडीतपणा दिसला पाहिजे, एवढा उजेड तिला मिळाला की बाकीचा दगड डेव्हलपिंगमध्ये सांभाळता येतो.

डेव्हलपिंग ही कोकणातली निराळीच कसरत. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एफपी-४ ला २० अंशांवर साडेआठ मिनिटं लागतात. एप्रिलमध्ये नळाचं पाणी ३० अंशांपर्यंत येतं, तेव्हा हीच वेळ निम्म्याहून खाली येते, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. आकाशाच्या सपाट भागात डाग उमटतात. म्हणून घमेल्यात बर्फ, त्यात बाटल्या, आणि काम रात्री. नुसता डेव्हलपर थंड करून चालत नाही. फिक्सर आणि धुण्याचं पाणीसुद्धा त्याच तापमानाच्या आसपास लागतं. थंडातून एकदम कोमट पाण्यात गेलं तर फुगलेल्या जिलेटीनला बारीक सुरकुत्या पडतात, आणि दगडाचा पोत की फिल्मचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही. फिक्सरमधला हायपो नीट धुऊन निघाला नाही तर निगेटिव्ह काही वर्षांत पिवळी पडते. धुण्याला त्या सगळ्यात जास्त वेळ देतात. नीट धुतलेली चांदीची निगेटिव्ह शंभर वर्षं सहज टिकते. युदोविनने टिपलेले दगड आपण आज पाहू शकतो ते त्यामुळेच.

डिजिटल कॅमेऱ्याने हे काम जलद झालं नसतं का, असं त्यांना सगळे विचारतात. झालं असतं, आणि वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून काढलेली अनेक चित्रं संगणकावर जोडली तर पुसट अक्षर कदाचित जास्त चांगलं वाचता येईल, हे त्याही मान्य करतात. त्यांनी फिल्म धरली याची त्या दोन कारणं देतात. एक, निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू आहे. ती वाचायला उजेडाशिवाय काही लागत नाही. दुसरं कारण कोकणाचं आहे. पावसानंतर इथल्या कबरस्तानाचा रंगीत फोटो काढला तर त्यात हिरवा रंग सोडून काही उरत नाही. गवत, शेवाळ, वेली, मागचे माड. दगडावरचं नारिंगी दगडफूल तेवढं डोळ्यात भरतं. रंग काढून घेतले की खोली उरते, आणि कोरीव अक्षर म्हणजे खोलीच.

मुंबईत आणि पुण्यात प्रश्न बदलतात. वरळीच्या ज्या रस्त्यावर बेने इस्राएलांचं कबरस्तान आहे, त्याला १९३७ साली मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. ई. मोझेस यांचं नाव आहे. चिंचपोकळीचं कबरस्तान बगदादी यहुद्यांचं, ससून कुटुंबाने दिलेलं. पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉगच्या आवारात १८६४ साली वारलेल्या डेव्हिड ससून यांची समाधी आहे. शहरांत संगमरवर जास्त दिसतो. तो कोरायला सोपा आणि टिकायला कच्चा; शहरातल्या हवेत त्याची कड साखरेसारखी रवाळ होऊन झडते. काही दगडांवर अक्षरं कोरलेली नसून शिशाची बसवलेली असतात. शिसं गळून पडलं की उरतात ती ते धरून ठेवणारी बारीक भोकं. तिरप्या उजेडात ही भोकं काळे ठिपके होऊन दिसतात आणि ठिपक्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. एका दगडाला एक अख्खा रोल लागू शकतो, आणि बाईंना त्याचं वाईट वाटत नाही.

या सगळ्या खटाटोपात त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली आहे, आणि ती मला त्यांच्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. एका निगेटिव्हच्या त्या दोन प्रिंट काढतात. एक वाचायची, एक बघायची. वाचायची प्रिंट कडक कॉन्ट्रास्टवर छापलेली असते. तिच्यात दगडाचा मऊपणा, शेवाळाची लव, मागच्या झाडांचा धूसरपणा, सगळं जातं. अक्षर तेवढं राहतं. बघायच्या प्रिंटमध्ये ते सगळं परत येतं. आधी निघते ती वाचायची, नेहमी. काही दगडांची बघायची प्रिंट अजून निघालेलीच नाही. प्रदर्शनासाठी चित्रं मागणाऱ्यांना त्या सांगतात, की भिंतीवर दोन्ही लागतील तरच देईन. चांगल्या छायाचित्रकाराला हे जड जातं. ज्या प्रिंटवर आपली कला दिसते ती मागे ठेवायची आणि टपाल तिकिटाइतकी रुक्ष दिसणारी प्रत पुढे करायची. पण दगड उभा केला गेला तो नावासाठी. कुणीतरी पैसे जमवून, पाथरवटाकडे कागद देऊन, वडिलांचं नाव आणि तारीख कोरून घेतली. ते वाचता यावं एवढीच त्यांची अपेक्षा होती.

तारखेवरच सगळ्यात जास्त वेळ जातो. हिब्रू साल अक्षरांनी लिहितात, प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली. हजाराचा आकडा बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. तव, रेश, मेम, हे: चारशे, दोनशे, चाळीस, पाच. म्हणजे ५६४५, इसवी सन १८८४-८५. शेवटचं अक्षर 'हे' नसून 'हेत' असेल तर पाचाचे आठ होतात आणि साल १८८७-८८. या दोन अक्षरांत फरक एवढाच, की 'हे'चा डावा पाय वरच्या आडव्या रेघेला टेकत नाही आणि 'हेत'चा टेकतो. ती फट दगडावर दोन-तीन मिलिमीटरची. तिच्यात शेवाळ बसलं की मिटते. कड झडली की नसलेल्या जागीही दिसते. खाली मराठीत इसवी तारीख असेल तर वाद मिटतो, पण झिजलेल्या देवनागरीतही १ आणि ९ एकमेकांसारखे होतात. अशा दगडांपुढे त्या सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही बाजूंच्या उजेडात चौकटी घेतात, आणि दोन निगेटिव्ह काचेखाली शेजारी ठेवून ती फट शोधतात.

वाचायच्या प्रिंट लांबवर जातात. लोद, रामला, अश्दोद, दिमोना या इस्रायलमधल्या गावांत मराठी बोलणारी घरं आहेत. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिकडून निघत आलं आहे. तिथल्या कुणा आजीला पणजोबांचा दगड कुठे आहे एवढंच ठाऊक असतं, आणि नातवंडांना तेही नाही. बाई प्रिंटच्या मागे गावाचं नाव, नकाशातला क्रमांक आणि आपण केलेलं वाचन पेन्सिलीने लिहितात. वाचनात शंका असेल तिथे स्पष्ट प्रश्नचिन्ह करतात. अशाच एका प्रश्नचिन्हाला उत्तर आलं. घरातल्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात, कोऱ्या पानावर, त्या माणसाच्या मृत्यूची हिब्रू तिथी कुणीतरी लिहून ठेवली होती, दरवर्षीच्या प्रार्थनेसाठी. अक्षर 'हेत' होतं. बाईंनी वहीत १८८७-८८ केलं, पुस्तकातल्या पानाचा फोटो त्याच पाकिटात निगेटिव्हबरोबर ठेवला.

सध्या वहीत रेवदंड्याच्या बाजूचे उत्तरमुखी दगड बाकी आहेत. आरसा धरायला येणारा मुलगा आता बारावीला आहे, परीक्षा संपल्याशिवाय तो मोकळा नाही, आणि तो मोकळा होईल तेव्हा मे लागलेला असेल, म्हणजे आरशाची गरज तशी कमीच. तरीही त्याने यायचं कबूल केलं आहे. त्याला मराठी ओळी उतरवून घ्यायला ठेवलं आहे.